ऊन निराळं, उकाडा निराळा

नदीकाठच्या त्या वस्तीत उन्हाळ्यात रेशमाच्या अळ्या कुणी घरात आणत नसे. तुतीला पाला हिरवागार असायचा, शेड मात्र रिकाम्या पडलेल्या असायच्या. माणसं दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत एकमेकांना सांगायची, की या उकाड्यात माणूस तगला तरी खूप झालं, अळीचं काय घेऊन बसलात. अशा वस्तीत गवंड्याच्या बायकोनं पिठाच्या गिरणीवर, चारचौघींच्या देखत, दळणाचा डबा कमरेवर असताना सांगून टाकलं, "माझी सून भर उन्हाळ्यात कोष काढून दाखवणार आहे."

गिरणीचा पट्टा चालू होता म्हणून बरं, नाहीतर तिथलं हसणं सगळ्या वस्तीला ऐकू गेलं असतं. सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या थोरल्या काकू. त्या गवंड्याच्या मोठ्या भावाच्या बायको, शेजारच्याच घरात राहायच्या आणि स्वतःच्या शेडमध्ये वर्षातून चारदा कोष काढायच्या.

"उन्हाळ्यात कोष? तुझी सून काय बर्फाच्या घरातून आलीय का गं?"

"बर्फाच्या नाही, आगीच्या घरातून आलीय," सासू म्हणाली. "ज्यानं आग बघितलीय त्याला तुमच्या उकाड्याचं काय!"

आणि डबा उचलून ती अशा ताठ मानेनं घरी आली, की वाटेत कुणाची तिला हाक मारायची छाती झाली नाही.

ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. सुनेचं माहेर लांब, वरच्या कोरड्या माळावर. तिथे उन्हाळा लागला की विहिरीचा दगड हाताला चटका देई आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नसे. तसल्या उन्हात तिचे वडील, तात्या, अळ्या जगवायचे. त्यांची रीत साधी होती. ऊन वर यायच्या आत दारं-खिडक्या गच्च लावायच्या. ज्या बाजूनं ऊन येतं तिकडे फट म्हणून ठेवायची नाही. आतून ओली पोती टांगायची, जमिनीवर पाणी मारायचं. पोती बघता बघता वाळायची, की पुन्हा ओली करायची. हे काम लहानपणापासून तिच्याकडे होतं. बाहेर नुसता आगीचा लोळ आणि आत गार अंधार, आणि त्या अंधारात पाला कुरतडणाऱ्या अळ्यांचा आवाज. आपल्या बापाला ऊन घाबरतं असं तिला लहानपणी खरंच वाटायचं. मोठी झाली तरी थोडंसं वाटतच होतं.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा पहिल्याच महिन्यात थोरल्या काकूंनी तिचं नाव 'कोरडी' ठेवलं. कोरड्या मुलखातली म्हणून आणि बोलण्यात साखर घालत नाही म्हणूनही. नाव चिकटलं. सुनेला त्याचा राग आला नाही, उलट ते ऐकलं की तिला माहेरचा माळ आठवायचा.

शेड बांधायची ठरली तेव्हा ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, नदीच्या अंगाला भिंत पूर्ण बंद करून द्या. दुपारचं ऊन तिकडूनच येतं. फट नको."

सासरा गवंडी. वस्तीतली निम्मी घरं त्याच्या हातची. माणूस कामाला वाघ, पण त्याच्या हातून आयुष्यात कधी चूक झाली नव्हती, म्हणजे असं त्याचं म्हणणं होतं. भिंतीत वीट पुढे आली तर ती विटेची खोड, रेषा हुकली तर ओळंब्याची दोरी ढिली, आणि घर कललं तर जमीनच वाईट. बायकोनं इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द ऐकला नव्हता, आणि त्याच्यासोबत राहून राहून तिचाही तो शब्द गेला होता. मुलगा तर तसल्याच घरात वाढलेला.

गवंड्यानं ती विटांची भिंत मातीत रचली, वरून गिलावा केला आणि असा घोटला की येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून तो सांगायचा, "हात फिरवून बघा. सुनेसाठी बांधलीय."

अळ्या आल्या. सून उजाडताच उठून पाला तोडायची, सासू तो चिरायची, मांडण्यांवर पसरायची. मुलगा पहाटेच बेकरीत जायचा, भट्टीवर काम. दुपारी कानात मैदा घेऊन परत यायचा, डोक्यावर ओला टॉवेल टाकून फरशीवर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "भट्टीसमोर बरं वाटतं. तिथे निदान गरम कुठून येतंय ते दिसतं तरी."

उन्हाळ्यात ज्याची त्याची जागा ठरलेली होती. गवंडी दुपारी कामावरून आला की घमेल्यात पाणी भरून त्यात पाय सोडून ओसरीत बसे. सासू घरात थांबतच नसे. चटई काखेत मारून ती आपल्या आणि थोरल्या काकूंच्या घरांमधल्या बोळात जाऊन पडे. नदीवरून येणारा वारा त्या चिंचोळ्या जागेतून जाताना चांगला जोर धरायचा.

सुनेला हे बघवत नसे. "आत्या, ऐन दुपारी बाहेर काय झोपता? ऊन लागेल."

"ऊन कुठाय? बोळात सावली आहे."

"मग दारं लावून घरात झोपा. घर गार राहील."

"दारं लावली तर उकाड्यानं जीव जाईल माझा."

"उकाडा म्हणजे तरी काय आत्या? ऊनच ना. सावलीत आलेलं ऊन."

सासू कुशीवर वळली. "असेल बाई. तू म्हणतेस तर असेल."

अळ्यांनी शेवटची कात टाकली आणि त्या उठल्या त्या खादाड होऊनच उठल्या. आता आठवडाभर फक्त खायचं, आणि मग कोष विणायला बसायचं. शेडमध्ये गेलं की वाळल्या पानांवरून कुणी चालत असल्यासारखा आवाज येई. सासू तर कामं टाकून नुसता तो आवाज ऐकायला जाऊन बसे.

आणि नेमकं तेव्हाच हवेनं तोंड फिरवलं. आभाळ पांढुरकं झालं, नदीवर वाफ दिसायला लागली. झाडाचं पान हलेना असं वाटायचं. सकाळी अंघोळ करून आलं तरी अंग पुसायच्या आधी पुन्हा भिजलेलं. दोरीवरचं धुणं आंबूस वास मारायला लागलं. सुनेनं कंबर कसली. ऊन वाढलं ना, मग पोतीही वाढवायची. तिनं शेडच्या चारही बाजूंनी पोती टांगली, खिडक्यांना फळ्या लावल्या, जमिनीवर बादल्या रिकाम्या केल्या. फोनवर तात्या ओरडून सांगत होते, "पोतं ओलं ठेव! पोतं वाळलं की अळी मेली!" आणि ती मान डोलवत होती.

दुसऱ्या दिवशी आवाज कमी झाला. अळ्या पाल्यावर पडून होत्या, पण तोंड हलत नव्हतं. पाला तसाच काळा पडायला लागला. तिनं अजून पाणी मारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मांडणीवरच्या अळ्या हाताला मऊ लागल्या. आतून आंबट वास येत होता.

थोरल्या काकू दारावरून गेल्या. "काय गं कोरडे, भरदुपारी सगळं बंद? घरात कुणी आजारी आहे का?"

बोळातून सासूचा आवाज आला, "आजारी असतील ते आपापल्या घरी असतील. आमच्याकडे काम चाललंय."

सून बादली घेऊन शेडमध्ये गेली, दार लावलं आणि पहिल्या पोत्याला हात घातला. पोतं गळत होतं. सकाळी भिजवलेलं पोतं दुपारी अजून गळत होतं. तिनं दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला लावला. सगळी ओलीच. आणि गार नाहीत, कोमट, आजारी माणसाच्या कपाळावरच्या पट्टीसारखी.

माहेरी एवढी पोती भिजवली तिनं, पण ओलं पोतं पुन्हा भिजवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती बादली खाली ठेवून मांडण्यांच्या मध्ये जमिनीवर बसली. मुद्दाम बसून राहिली. पाठीवरून घाम निथळत होता, हनुवटीवरून थेंब पडत होते. माहेरी घाम यायचा आणि तो आला हे कळायच्या आत उडून जायचा, अंगावर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहायचे. इथे घाम जात नव्हता. त्याला जायला जागाच नव्हती. हवा आधीच भिजून चिंब होती आणि तीच हवा तिनं आत कोंडून ठेवली होती. तिनं एक अळी तळहातावर घेतली. अळीही भिजलेली होती. तिकडचं ऊन जिवातलं पाणी ओढून घेतं आणि इथला उकाडा ते पाणी जाऊच देत नाही, आणि आपण अळ्यांना उन्हापासून वाचवता वाचवता उकाड्याच्या तोंडी दिलंय, हे तिला तिथे बसल्या बसल्या लख्ख कळलं.

गप्प बसायची सोय होती. अळ्या मेल्या तर सगळे उकाड्याला दोष देणार होते, तिला नाही. वस्तीत सगळे हेच म्हणणार होते, की बघा, सांगितलं होतं, इथे उन्हाळ्यात होत नाही. तिच्या तात्यांची रीत शाबूत राहणार होती आणि तिचं नाकही. फक्त सासूची मान खाली जाणार होती. गिरणीवर ती पुन्हा कधी त्या थाटात उभी राहू शकली नसती.

तेवढ्यासाठी सून उठली. तिनं दार उघडलं, बोळात गेली आणि सासूच्या चटईशी उकिडवी बसली.

"आत्या, उठा. माझं चुकलं."

सासूनं डोळे उघडले. "काय म्हणालीस?"

"माझं चुकलं. तात्यांची रीत इथे चालत नाही. पोतं वाळतच नाही. मी अळ्यांना वाफेत कोंडून ठेवलंय."

सासू उठून बसली आणि सुनेकडे अशी बघू लागली, जणू तिनं कुठल्या परमुलखातली भाषा काढली होती. मग म्हणाली, "अगं, इथे काहीच वाळत नाही. धुणं वाळत नाही, माणूस वाळत नाही. पोतं कुठलं वाळायला?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी?" सासूनं पदरानं गळा पुसला. "आणि मी तरी काय बोलणार? गिरणीवर तुझ्या नावानं डंका पिटून आलेली. तू म्हणशील ते बरोबरच असणार, असं धरून चालले होते." तिनं चटई गुंडाळायला घेतली. "म्हणजे माझंही... चल, ऊठ. बसलीस काय!"

दोघींनी पोती ओढून काढली. ती उचलताना खांदे भरून आले, एवढं पाणी त्यांत होतं. खिडक्यांच्या फळ्या काढल्या. मुलाला फरशीवरून उठवून पाला आणायला पिटाळलं. दोघी मांडणीमागून मांडणी साफ करत गेल्या. काळा पडलेला पाला खाली, मऊ पडलेल्या अळ्या वेगळ्या टोपलीत, धडधाकट अळ्या अंतर ठेवून पसरायच्या, वर चुन्याची भुकटी भुरभुरायची, म्हणजे ओल खेचली जाते. घामात चुना मिसळून हातांची आग होत होती. सासूचे गुडघे बोलत होते, पण ती बोलत नव्हती.

सगळं उघडलं तरी आत हवा हलेना. सासूनं पदराचं टोक खिडकीत धरलं. टोक मेल्यासारखं लोंबत राहिलं. ती तशीच बोळात गेली, टोक धरलं, तर ते फडफडायला लागलं.

"वारा आहे," ती म्हणाली. "नदीवरूनच आहे. भिंतीला थडकून बाजूनं जातोय."

दोघींनी भिंतीकडे बघितलं. आरशासारखी घोटलेली भिंत.

गवंडी ओसरीत घमेल्यात पाय सोडून बसला होता. सून समोर जाऊन उभी राहिली. "मामा, नदीकडची भिंत उघडायला हवी."

"कशाला?"

"वारा यायला. भिंत मीच मागितली होती. माझं चुकलं."

गवंड्यानं बायकोकडे बघितलं. बायको छपराकडे बघत होती.

"माझी भिंत आजवर कुणी पाडलेली नाही," तो म्हणाला.

"तुमची भिंत चांगलीच आहे मामा. जागा चुकली. ती मी सांगितली."

"भिंत चांगली आहे ना?"

"एक नंबर आहे."

"मग?"

"मग अळ्या मरतील."

घमेल्यातल्या पाण्यात गवंड्याच्या पायांची बोटं हलली. त्याला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. विटांचा दोष नव्हता, दोरीचा नव्हता, जमिनीचाही नव्हता. आणि जिचा होता ती समोर उभी राहून स्वतःच सांगत होती, चुन्यानं भाजलेले हात तसेच बाजूला धरून. असल्या माणसाशी कसं वागायचं याची त्याला सवयच नव्हती. शेवटी त्यानं पाय बाहेर काढले, पुसले आणि छिन्नी-हातोडा आणला.

"पाडणार नाही," त्यानं बजावलं. "एकाआड एक वीट काढीन. पाडणं निराळं, जाळी करणं निराळं."

"हो मामा. जाळीच."

त्यानं गिलाव्यावर दोरी धरून रेघा मारल्या, तेही तब्येतीत, कुणी मागे लागलेलं नसल्यासारखं. मग पहिली वीट सैल केली. माती झडली आणि त्या भोकातून वारा असा आत आला की गवंड्याच्या डोळ्यात माती गेली. त्यानं शिवी हासडली. सासूला हसू आलं, मग सुनेला आलं. मग तोही डोळा चोळत हसला. विटेमागून वीट निघत गेली. एक कड तुटली नाही, की शेजारची वीट हलली नाही. मुलानं बाहेरून बांबू लावून गवताचं छप्पर पुढे ओढलं, म्हणजे वारा यावा पण ऊन येऊ नये.

"जाळी लावायला हवी, बारीक," सून म्हणाली. "माशी आत शिरली तर अळ्यांवर अंडी घालील."

सासू घरात गेली आणि आपली मच्छरदाणी घेऊन आली. नदीकाठचे डास काय चीज आहे ते ज्यानं सोसलं त्यालाच माहीत. सून "आत्या, नको" म्हणेपर्यंत तिनं कात्री चालवलीसुद्धा. पुढले दिवस ती सकाळी उठून दंड खाजवत बसायची आणि कुणी विचारलं तर ऐटीत सांगायची, "माझी मच्छरदाणी अळ्यांना दिलीय."

खालच्या मांडणीवरच्या निम्म्याहून जास्त गेल्या. सुनेनं त्या खड्ड्यात चुना टाकून पुरल्या आणि पुरताना ती रडली. पण वरच्या मांडण्यांवर सकाळी पाला टाकून ती दाराशी उभी राहिली, तेव्हा आधी काहीच ऐकू आलं नाही, मग एका कोपऱ्यातून बारीक करकर आली, मग दुसऱ्या. सासू येऊन तिच्या खांद्यामागे उभी राहिली. दोघी श्वास रोखून ऐकत होत्या.

त्याच दिवशी तिनं फोन लावला. "तात्या, पोती काढली मी."

"काढली? का?"

"वाळत नव्हती. सकाळचं पोतं दुपारी गळत होतं."

पलीकडे तात्यांच्या मागे माळावरचा वारा घुमताना ऐकू येत होता. मग ते सावकाश म्हणाले, "न वाळणारं पोतं मी जन्मात बघितलेलं नाही. मग तिथलं मला काही कळत नाही, बाई. तिथलं तूच बघ." आणि मग घसा खाकरून, "अळ्या खातायत?"

"खातायत."

"मग झालं तर."

फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरून आले. ज्या माणसाला ऊन घाबरतं त्यानं आपल्याला तिथलं तूच बघ म्हणावं, हे तिला झेपत नव्हतं आणि आतून ऊर असा फुलला होता की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तिनं जाऊन सासूला सांगितलं. सासू म्हणाली, "बरोबरच बोलले. शहाणा माणूस आहे."

अळ्या पिकल्या, अंगानं पिवळसर, आरपार दिसायला लागल्या. सुनेनं त्या वेचून विणायच्या चटयांवर सोडल्या. जाळीतून वारा येत होता, चटया कोरड्या होत्या. डोकी डावी-उजवी हलायला लागली, धागे दिसायला लागले. काही दिवसांनी कोष काढले ते टणक, पांढरे, कानाशी हलवले तर आतून खुळखुळणारे. सासूनं त्यातले मूठभर ओंजळीत घेतले आणि तडक गिरणीवर गेली. दळण नव्हतं, नुसतीच गेली.

थोरल्या काकू तिथेच होत्या. त्यांनी एक कोष दाबून बघितला, दुसरा दाबून बघितला. वाखाणायला जीभ रेटेना. "ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "तुझी सून चुकली म्हणे. भिंत फोडावी लागली."

"चुकली," सासू म्हणाली, आणि ते तिनं असं म्हटलं की बाकीच्या बायका बोलायच्या थांबल्या. "चुकली आणि स्वतः येऊन सांगितलं. तुमच्या घरात सांगितलंय का कधी कुणी? आमच्यात तर ही पहिलीच. आणि भिंत फोडली नाही, जाळी केली."

थोरल्या काकूंनी कोष परत दिला. पण संध्याकाळी त्या स्वतः गवंड्याच्या ओसरीवर आल्या, बसल्या, उकाड्याबद्दल बोलल्या, गुडघ्यांबद्दल बोलल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात मीपण घेईन म्हणते अळ्या. कसं करायचं ते सांग मला. माझ्याही भिंतीच्या विटा काढायच्या का?"

गवंड्यानं घाईनं दुसरीकडे बघितलं. ती भिंतही त्याचीच होती.

"ते मला आत्ता नाही सांगता येणार काकू," सून म्हणाली.

"म्हणजे सांगणार नाहीस!"

"सांगेन ना. पण आधी एक दुपार मला तुमच्या शेडमध्ये बसू द्या. आमचा उकाडा मला कळलाय. तुमचा नाही."

"अगं, मध्ये एक बोळ तर आहे! माझा उकाडा तो काय निराळा?"

"तेच बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी ती थोरल्या काकूंच्या रिकाम्या शेडमध्ये गेली आणि मांडण्यांच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसली. घाम कुठून सुटतो, कुठे थांबतो, कुठल्या बाजूचा गाल आधी गार होतो, ते बघत राहिली. बाहेर बघ्यांची गर्दी जमली. एक जण म्हणाला, ही आत एकटी बसून करतेय तरी काय? दोघं-तिघं हसले. थोरल्या काकूही हसणार होत्या.

दारात कमरेवर हात ठेवून सासू उभी होती. डासांनी फोडलेले दंड, चुन्यानं सोललेली बोटं आणि मान गिरणीवर होती त्याहून ताठ.

"हळू बोला," ती म्हणाली. "माझ्या सुनेला अजून कळलेलं नाही."